शिट्टी बंद, सात दिवस

पुंडलिकभाऊ धुरी तोंड पुरेसं उघडत नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांच्यावर खेकसले होते. आखातातल्या मंगफमध्ये आमच्या क्लिनिकात मी दातांच्या डॉक्टरांची मदतनीस आहे. माझं नाव उल्का, माहेर साताऱ्याचं, आणि राग कायम नाकावर. सोमवारी सकाळी चाळिशी उलटलेला हा गडी खुर्चीत बसला, निळ्या कव्हरऑलच्या बाह्या नीट खाली ओढल्या आणि जेमतेम चमचा जाईल एवढंच तोंड उघडलं. दाढ काढायला आलात की फोटो काढायला, असं मी विचारलं. ते ओशाळून हसले आणि त्यांनी जबडा ताणला.

खालची उजवी अक्कलदाढ हाडात आडवी झोपली होती आणि शेजारच्या दाढेला ढुशी देत होती. आमच्या डॉक्टर मुमताज हैदराबादच्या, हात एकदम स्थिर. तरी पाऊण तास लागला. दाढेचे दोन तुकडे करून काढावे लागले, तीन टाके पडले. पुंडलिकभाऊंनी हूं का चूं केलं नाही.

मग माझं काम. काढून झाल्यावर काय करायचं, काय नाही, हे सांगायचं. क्लिनिकचा छापील कागद इंग्रजीत आणि अरबीत आहे, त्यामुळे मराठी पेशंट आला की मी तोंडी सांगते. अकरा वर्षं सांगतेय, झोपेत उठवलं तरी सांगेन. बोळा पाऊण तास दाबून धरा. आज थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉनं काही पिऊ नका. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती त्या खड्ड्याचं झाकण असते, ती हलता कामा नये. गालाला बाहेरून बर्फ लावा, वीस मिनिटं लावायचा, वीस मिनिटं काढायचा. झोपताना डोकं उंच ठेवा, दोन उशा घ्या. सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढेल, त्याला घाबरू नका. शेक घ्यायचा तो दोन दिवस उलटल्यावर, आधी नाही. पेज, मऊ भात, वरण, सगळं कोमट. दुखणं कमी होण्याऐवजी वाढायला लागलं तर लगेच या.

प्रत्येक वाक्याला ते मान डोलवत होते. मी चौकटीत खूण केली, त्यांची सही घेतली. फॉर्मवर कामाचा रकाना रिकामा होता. त्यात मी माझ्याच मनानं ‘लेबर’ लिहिलं. कव्हरऑल, सेफ्टी बूट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्यात विचारायचं काय? त्यांच्या कंपनीत दाढेला एका दिवसाची रजा मिळते. ती घेऊन ते गेले आणि मी त्यांना विसरले.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर पुंडलिकभाऊ पायरीवर बसलेले. उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत फुगून तट्ट झालेला, कातडी ताणून चकाकत होती, मानेवर पिवळट डाग उतरला होता. पाचव्या दिवशी सूज ओसरायला लागायला हवी. मी त्यांना आत घेता घेताच फैलावर घेतलं. एवढं घोकून घोकून सांगितलं ते कुणासाठी सांगितलं होतं?

प्रश्न विचारत गेले आणि प्रत्येक उत्तराला माझं डोकं जास्तच फिरलं. बर्फ? खोलीत आठ माणसं, फ्रिज एक, आणि वरचा खण सगळ्यांच्या मासळीनं भरलेला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, बर्फाची पिशवी आणली; दोन तासांत तिचं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या गाववाल्यांची सभा भरली. एवढी सूज बघून त्यांनी तव्यावर खडेमीठ भाजलं, पंचाच्या टोकात बांधलं आणि तासभर गाल शेकून काढला. कमरेला चालतं, गुडघ्याला चालतं, मग गालाला का नाही, असा त्यांचा हिशोब. दोन उशा? माणशी एकच मिळते. तरी यांनी जुना कव्हरऑल घडी करून डोक्याखाली घेतला होता. आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून साडेचारच्या बसनं कामावर.

मला त्या आठही जणांना ओळीत उभं करून बोलावंसं वाटलं. पण डॉक्टरांनी आत बघितलं आणि मला खुणेनं जवळ बोलावलं. मिठाच्या शेकानं सूज वाढली असेल, पण हे त्यानं झालेलं नव्हतं. टाके सैल झालेले, खड्डा कोरडा ठणठणीत, तळाशी उघडं हाड दिसत होतं. गुठळी गेली होती. उघड्या हाडाला वाऱ्याची झुळूक लागली तरी ठणका थेट कानात जातो. हा माणूस दोन दिवस तो ठणका घेऊन कामाला जात होता.

तंबाखू खाता? नाही. विडी? नाही. चूळ भरली असेल खळखळून? तुम्ही नको म्हणालात म्हणून नाही भरली. स्ट्रॉ? स्ट्रॉनं प्यायला मी काय लहान आहे, असं ते दातावर दात ठेवून म्हणाले. मग तोंडानं केलंत तरी काय, असं मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी कॉलरमधून काळा गोफ बाहेर ओढला. टोकाला पितळेची शिट्टी होती, घासून घासून कडा पांढुरक्या झालेली.

“मी शिट्टी वाजवतंय, ताई,” ते म्हणाले. “सकाळपासून सांजपर्यंत.”

अकरा वर्षं मी लोकांना स्ट्रॉ वापरू नका म्हणून सांगत आले. मंगफमध्ये स्ट्रॉनं पिणारे पेशंट किती आणि कामगार किती, हे मला दारातून दिसतं. तोंडात जोर भरून फुंकणं हेच ज्याचं काम, त्याला मी स्ट्रॉबद्दल ताकीद दिली आणि घरी पाठवलं. तुम्ही काय काम करता, एवढे चार शब्द विचारायला मला काय धाड भरली होती? त्या क्षणी मला त्या छापील कागदाचा, तो छापणाऱ्याचा आणि स्वतःचा एवढा संताप आला की हातातला चिमटा ट्रेवर आपटला. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग निमूटपणे खड्डा धुतला आणि लवंगेच्या वासाची औषधी पट्टी त्यात भरली. दहा मिनिटांत पुंडलिकभाऊंच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं. ठणका थांबला होता.

कंपनीची गाडी यायला तास होता. मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, साधं पाणी दिलं आणि शेजारी बसून प्रथमच त्यांचं ऐकलं. जबडा आखडला होता, दोन ओठांच्या फटीतून शब्द येत होते, मधेमधे लाळ पुसावी लागत होती.

कुडाळजवळचं गाव. घरी बायको रत्नमाला, मुलगी स्वरा बारावीला. एकोणीस वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आले, साखळ्या आणि पट्टे वाहिले, मग क्रेनच्या हाताखाली रिगर झाले. रिगर म्हणजे लोड बांधणारा आणि तो हवेत गेला की खालच्या माणसांना सांभाळणारा. क्रेनवाला वर काचेच्या खोलीत, त्याला हातानं खुणा करायच्या. खाली नेपाळी, बंगाली, इजिप्तचे मिसरी, तेलुगू, कुणाची भाषा कुणाला येत नाही, आणि मशिनांच्या आवाजात आलीच तर ऐकू येत नाही. त्यांना शिट्टी. एक लांब, म्हणजे लोड उचलला, बाजूला व्हा. दोन आखूड, म्हणजे उतरतोय. न थांबता वाजली की असाल तिथे खिळून उभे राहा. ही बोली पुंडलिकभाऊंनी स्वतः बसवली होती. नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी ते डबा खाताना शिट्टी शिकवत. मला वाटतं त्या साइटवर सगळ्यांना कळणारी तेवढी एकच भाषा होती.

मग सात दिवस दुसऱ्या कुणाला वाजवू द्या, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. सहा वर्षांपूर्वी ते सुट्टीवर घरी गेले होते, तेव्हा दुसऱ्यानं शिट्टी धरली. उतरता पाइप फिरला आणि एका नेपाळ्याची दोन बोटं गेली. तो माणूस परत आलाच नाही. हे सांगून झाल्यावरही ते काहीतरी गिळून बसले होते. मी खोदून विचारलं तेव्हा ते बाहेर आलं.

“दुसऱ्याच्या गळ्यात गेली की माका परत गावची नाय, ताई. वय झाला. माका खाली घेतले तर मी कोण? साखळे मोजणारो.”

इथं मी त्यांना झापलं. ते झापणं मला शब्दन् शब्द आठवतं. जीव जास्त की शिट्टी? हाडात पू झाला तर जबडा कापायची पाळी येईल, मग काय वाजवाल? आणि सात दिवसांत कुणी कुणाची जागा घेत नाही, हे तुमच्या मनाचे खेळ आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार होणाऱ्या बाईनं, एसीत बसून, हे एका कामगाराला ऐकवलं.

मी त्यांच्या फोरमनला, हरीशला, फोन लावला. हरीश केरळचा, बोलणं मवाळ. पुंडलिक स्वतःच बसायला तयार नाही, मी काय करू, असं तो हिंदीतून म्हणाला. तुम्ही कागद द्या, मग मी बसवतो. कागद हवाय ना, मग देतेच कागद, असं म्हणून मी फोन ठेवला.

डॉक्टर मुमताज लिहायला बसल्या. ‘सात दिवस विश्रांती घ्यावी,’ असं त्या लिहिणार होत्या. मी अडवलं. असले गोड कागद कोण वाचतं? घ्यावी म्हटलं की नाही घेतली तरी चालतं असा अर्थ ही माणसं काढतात. असं लिहा की वाचणारा घाबरला पाहिजे. डॉक्टर जरा घुटमळल्या, पण मी पेटले होते. शेवटी इंग्रजीत पत्र तयार झालं, ठळक अक्षरात: शिट्टी वाजवून इशारा देण्याच्या कामासाठी हा कामगार अनफिट आहे, हे काम करायला लावल्यास परिणामांची जबाबदारी कंपनीची. त्यावर गोल शिक्का. तो शिक्का मीच मारला, चांगला दाबून.

पुंडलिकभाऊंनी पत्र हातात घेतलं, उलटून बघितलं आणि काय लिहिलंय असं विचारलं. आता तुम्हाला सात दिवस कुणी शिट्टीला हात लावू देणार नाही, असं मी ऐटीत सांगितलं. ते काही बोलायला गेले, मग त्यांनी गालावर हात ठेवला. दुखत असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात गाडी आली.

पुढचे दिवस मी त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं, हे मात्र खरं. एक दिवसाआड पट्टी बदलायला ते यायचे. मी घरून एक उशी दिली. आता गालाला कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं, दिवसातून चार वेळा. पहिल्या दिवशी शेक नको म्हटलं होतं, आता घ्या म्हणतेय, असं दर वेळी बजावून. मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ, पण तोंडात नुसतं फिरवायचं आणि मान वाकवून सोडून द्यायचं. जबडा किती उघडतो ते स्वतःच्या बोटांनी मोजायला शिकवलं. पहिल्या दिवशी एक बोट आडवं जाई, चौथ्या दिवशी दोन, नवव्या दिवशी पुरती तीन. सूज उतरली, मानेवरचा डाग हिरवा होऊन फिका पडला. रोज संध्याकाळी रत्नमालेचा फोन यायचा. बोलता येत नव्हतं तोवर ती गावच्या सगळ्या बातम्या सांगायची आणि हे नखानं फोनवर टकटक करायचे, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. हे सांगताना ते हसले, तेव्हा गालाला खळी पडते हे मला प्रथम दिसलं.

या दिवसांत ते साइटच्या गोदामात बसून लोडचे पट्टे तपासत होते. कुठे विरलाय, कुठे शिवण सुटलीय. सावलीतलं काम. मला बरं वाटत होतं. डॉक्टरांना मी दोनदा ऐकवलं की बघा, कडक लिहिलं म्हणून झालं.

सोळाव्या दिवशी टाक्यांची जागा बघायला ते आले. हिरडी गुलाबी, खड्डा निम्म्याच्या वर भरलेला, वास नाही, दुखणं नाही. मग आठवड्यापूर्वीच शिट्टी सुरू झाली असेल, असं मी सहज म्हटलं. नाही, अजून गोदामातच आहे, असं ते म्हणाले. का, तर हरीशला विचारा. गळ्यात गोफ नव्हता.

मी दुपारच्या सुट्टीत टॅक्सी करून त्यांच्या कंपनीच्या ऑफिसात धडकले. सोबत डॉक्टरांच्या सहीचं नवीन पत्र होतं: पूर्ण बरा, कुठल्याही कामाला फिट. हरीशला भर ऑफिसात फाडून खायचं असं ठरवूनच मी गेले होते. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कपाटातून एक फाईल काढून माझ्यासमोर उघडली. वरच माझं पत्र होतं, शिक्क्यासकट.

“मॅडम, अनफिट तो आपने ही लिखा है,” तो म्हणाला.

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं, तेही न चिडता. ‘विश्रांती घ्यावी’ असं असतं तर त्यानं आठवडाभर पुंडलिकला बसवून परत लावलं असतं, पत्र त्याच्याच खणात राहिलं असतं. पण मुदत न लिहिता अनफिट आणि जबाबदारी हे शब्द आले की पत्र सेफ्टीवाल्यांकडे जातं. त्यांनी दुसऱ्या दिवशी भाड्यानं एक भोंगा आणला, बटण दाबलं की वाजणारा, आणि दुसऱ्या साइटवरून एक तरुण रिगर. चार दिवस काही अडलं नाही, तेव्हा भोंगा विकत घेतला. आता पुंडलिकला परत क्रेनखाली उभं करायचं तर कंपनीच्या डॉक्टरनं त्याला त्या कामासाठी फिट म्हणायला हवं. त्या डॉक्टरच्या फॉर्ममध्ये डोळे आहेत, कान आहेत, रक्तदाब आहे, साखर आहे. शिट्टीचा रकाना नाही. जे तपासता येत नाही त्यावर तो सही करत नाही.

मी भांडले. आवाज चढवला. मुदीरना, म्हणजे मोठ्या साहेबांना, भेटायचंय म्हटलं, तर ते महिनाभर रजेवर. त्या माणसानं बसवलेली बोली सगळ्या साइटला येते, भोंग्याला काय कळतं, असं मी हरीशला विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि खरं आहे म्हणाला. मला त्याची कॉलर धरायची होती, पण त्यात त्याची चूक मला शोधूनही सापडेना. नवीन पत्र त्यानं फाईलमध्ये लावलं, जुन्याच्या खाली.

परतताना मी गोदामावरून गेले. पत्र्याच्या शेडमध्ये पुंडलिकभाऊ पट्ट्यांच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले होते. एक पट्टा हातातून सरकवत बोटांनी चाचपत होते. मला बघून उठले, बादली पालथी घालून बसायला दिली. लांबून भोंग्याचा आवाज आला. एकसारखा, सपाट. लोड वर चाललाय की खाली, मला कळलं नाही. पुंडलिकभाऊंनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं आणि पुन्हा पट्टा हातात घेतला.

मी सगळं सांगितलं. शब्द माझा होता, डॉक्टर तो लिहायला घुटमळल्या होत्या, शिक्काही मी मारला. माझ्यामुळे झालं, असं मी म्हटलं. वाटेत मी ठरवलं होतं की ते चिडले तर ऐकून घ्यायचं, शिव्या दिल्या तर खायच्या. खरं म्हणजे मला त्याच हव्या होत्या.

त्यांनी पट्टा ढिगावर ठेवला. गाल आता दोन्ही बाजूंनी सारखा होता, तोंड नीट उघडत होतं, शब्द स्पष्ट येत होते.

“तुमी माझ्यासाठी भांडलात, ताई,” ते म्हणाले. “एकोणीस वर्सांत माझ्यासाठी कोण भांडलो नाय. पण भांडूच्या आधी माका एकदा विचारूक होया होता.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता.